अडोटे उठला नाही

माझ्या भावाने सव्वीस लढती जिंकल्या. सत्ताविसावीही तो जिंकतच होता. आठ फेऱ्या झाल्या होत्या, गुणांत तो पुढे होता आणि झांबियाहून आलेल्या त्या बिचाऱ्याचा डावा डोळा पार मिटला होता. नवव्या फेरीची घंटा वाजली आणि अडोटे उठला नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावर तसाच बसून राहिला. पंच आला, वाकून काहीतरी बोलला, अडोटेने नुसती मान हलवली आणि आमच्या बुकोम वस्तीचं नाक अख्ख्या आक्रा शहरासमोर कापलं गेलं. याला आता अडतीस वर्षं झाली. त्या सव्वीस लढतींतली एक तरी कुणाला आठवते का, ते विचारून बघा. न झालेली नववी फेरी मात्र शेंबड्या पोरालाही तोंडपाठ आहे.

मी लामिले, त्याची धाकटी बहीण. चौकात केंकी विकते. मक्याचं पीठ आंबवायचं, गोळे करायचे, पानांत गुंडाळून उकडायचे, सोबत तळलेला मासा आणि मिरचीची चटणी द्यायची, असं माझं आयुष्य चाललंय. माझ्या पातेल्यापासून वीस पावलांवर मुष्टियुद्धाची व्यायामशाळा आहे. तिथला उस्ताद पोरांवर ओरडतो ते मला दिवसभर ऐकू येतं. एखादा पोरगा धापा टाकत खाली बसला की तो म्हणतो, "काय रे, अडोटे व्हायचंय का तुला?" पोरगा लगेच उठतो. उस्तादाला ठाऊक आहे की मी तिथेच बसलेय. तो माझ्याकडूनच केंकी नेतो, आणि मी त्याच्या चटणीत कधी काही कालवलं नाही हे त्याचं नशीब.

हात मोडला होता ही गोष्ट माझी. ज्यांचा तिच्यावर विश्वास नव्हता त्यांना वाटायचं अडोटेने ती रचली, पण नाही. लढतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दारात माणसं जमली होती. कुणी शिव्या देत होतं, कुणी पैजेत हरलेलं, कुणी नुसतंच बघायला आलेलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मागच्या दाराने निघाले, हाडं बसवणाऱ्या म्हातारीकडून चुना आणि पट्ट्या आणल्या आणि माझ्या भावाचा धडधाकट उजवा हात कोपरापर्यंत बांधून टाकला. मग पुढच्या दारात येऊन छाती बडवली, "अरे, हात मोडलाय माझ्या भावाचा! तुम्हाला लाजा कशा वाटत नाहीत?" सहा आठवडे त्याने ते ओझं वागवलं. सहा आठवडे आईला पाण्याचा पेला डाव्या हाताने दिला, आणि प्रत्येक वेळी आईची माफी मागितली.

बुकोमने ती गोष्ट अर्धवटच गिळली. घरचे म्हणायचे, हात मोडला होता. बाहेरचे म्हणायचे, मोडला असेल, पण लारिया तर जबडा मोडलेला असताना सहा फेऱ्या लढला! लारिया आमचा चुलतभाऊ, अडोटेच्या बरोबरीचा. दोघे एकाच उस्तादाकडे शिकले. लारियाने कधी हार मानली नाही. एकदा तर त्याला उचलून बाहेर न्यावं लागलं आणि तरी तो मुठी उगारत होता. व्यायामशाळेच्या भिंतीवर त्याचा रंगवलेला मोठा चेहरा आहे. खरा लारिया त्याच्या बायकोच्या, कोर्लेच्या, हाताने जेवतो. त्याचे हात सतत थरथरतात, जीभ जड झालीय, आणि मला तो कधी माझ्या नावाने हाक मारतो, कधी माझ्या मेलेल्या आईच्या.

तर गेल्या महिन्यात अडोटेच्या मुलाला, बोयेला, पहिला मुलगा झाला. आमच्यात आजोबाचं नाव नातवाला येतं. त्यात कुणाला विचारायचं नसतं. म्हणजे हे पोर अडोटेच. सहा वर्षांनी ते व्यायामशाळेत जाईल तेव्हा उस्ताद काय म्हणेल, ते मला आत्ताच ऐकू येत होतं.

पण नावाशिवाय आणखी एक गोष्ट असते. आठव्या दिवशी पहाटे मूल पहिल्यांदा घराबाहेर आणतात, उघडंच जमिनीवर ठेवतात, आणि घराण्यातला एकजण त्याला उचलून म्हणतो, माझ्यासारखा हो. जो उचलतो त्याचे गुण मुलात उतरतात. म्हणून तो माणूस पारखून घेतात. पहिला नातू असला आणि आजोबा धडधाकट असला, तर लोक बहुधा आजोबालाच बोलावतात. अडोटे तर जाळी विणणारा माणूस, दारूला शिवत नाही, कुणाशी वाकडं नाही. दुसरा कुठला आजोबा असता तर बैठक भरलीच नसती.

आमच्याकडे भरली. पाचव्या दिवशी दुपारी, नूमो ओकांतेच्या अंगणात. नूमो म्हणजे आमच्या घराण्यातला सगळ्यात म्हातारा, बंदरावरचा जुना मुकादम. अजूनही समोर पंचवीस हमाल उभे असल्यासारखा बोलतो.

"नाव मी बदलू शकत नाही," तो म्हणाला. "नाव याचंच येणार. पण गुण कुणाचे घ्यायचे ते आपल्या हातात आहे. बोये, बाप तू आहेस. बोल."

बोयेने बापाकडे पाहिलं नाही. "लारियाकाका," तो म्हणाला.

मला राग आला, पण बोयेचा तरी काय दोष? शाळेत असताना तो रोज कुणाचं तरी नाक फोडून किंवा स्वतःचं फोडून घेऊन यायचा. एकदा मी त्याला विचारलं, अरे, रोज रोज कशासाठी? तो म्हणाला, "आत्या, मी खाली बसत नाही हे त्यांना दाखवायला." तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.

"लारियाला स्वतःचा चमचा धरता येत नाही," मी म्हणाले. "पोर धरेल?"

"तू बाजूला उभी राहा आणि हात लाव," नूमो म्हणाला. "काळीज कुणाचं आहे ते महत्त्वाचं. पण मी आडमुठा नाही. अडोटे, ऐक. तुझा हात मोडला होता ना?"

नूमो उत्तरासाठी थांबलाच नाही.

"त्या पहाटे मी पूर्वजांसाठी दारू ओतेन तेव्हा सगळ्यांसमोर तेवढं सांग. हात मोडला होता, म्हणून बसलो. पूर्वजांसमोर बोललेलं कुणी खोटं म्हणत नाही. विषय कायमचा संपेल आणि नातवाला तू उचल. नाही बोललास, तर लारिया."

मला तर हायसंच वाटलं. एकच वाक्य! अडतीस वर्षं मी ते फुकट बोलत होते, त्याने एकदा बोलायचं. मी भावाकडे पाहिलं. तो आपल्या उजव्या हाताची बोटं उघडत-मिटत होता, जाळं विणून आखडली की उघडतो तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंकी घेऊन किनाऱ्यावर गेले. होड्यांच्या सावलीत तो फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन बसला होता.

"दादा, बोलशील ना?"

"खाऊ दे आधी."

"खा. आणि बोल."

तो सावकाश जेवला. मासा काट्यासकट चावला. मग म्हणाला, "लामिले, हात धड होता गं."

"मला सांगतोस? मीच बांधला होता!"

"मग पूर्वजांना काय सांगू? त्यात आईपण आहे आता. तिला मी सहा आठवडे डाव्या हाताने पाणी दिलं."

"आईला माहीत होतं."

"माहीत होतं?" त्याने हातातली सुई खाली ठेवली.

"आया खुळ्या असतात का? तिने मला एकदाच विचारलं, चुना कितीला पडला?"

तो हसला. फार दिवसांनी हसला. मग मी विचारलं, आणि देवाशपथ, अडतीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. आमच्या घरात हा प्रश्न कुणी काढायचाच नाही असं ठरून गेलं होतं. "मग का उठला नाहीस? घाबरलास?"

"घाबरलो असतो तर बरं झालं असतं. घाबरणं लोकांना कळतं."

"दुखत होतं?"

"दुखत असतं तर उठलो असतो. दुखण्याची सवय होती." तो समुद्राकडे बघत बोलत होता. "आठवी संपली. मी बसलो. पाणी तोंडात घेतलं, थुंकलं. समोर बघितलं, तर तो पोरगा एका डोळ्याने मला शोधत होता. मला दिसलं, अजून दोन फेऱ्यांत हा आडवा होणार. मग पुढचा येणार. मग त्याच्या पुढचा. मला सहाव्या वर्षी आपल्या चौकात उभं केलं होतं, समोर लारियाला उभं केलं होतं, आणि मोठी माणसं टाळ्या वाजवत होती. तेव्हापासून कुणी मला विचारलं नाही, बाबा रे, दमलास का? त्या दिवशी मीच मला विचारलं."

"आणि?"

"दमलो होतो. एवढंच आहे. तू रडू नकोस, त्यात रडण्यासारखं काही नाही."

मी रडत नव्हते, चिडले होते. एवढ्याशा गोष्टीसाठी? नुसतं दमला म्हणून? मी रोज पहाटे तीनला उठून चूल पेटवते, मी कुठल्या स्टुलावर बसू? ते मी त्याला म्हणालेसुद्धा.

"तू पण बस की," तो म्हणाला. "कोण नको म्हणतं?"

मी पातेलं उचललं आणि चालू लागले. वाटेत माझ्या लक्षात आलं की माझे पाय खरंच दुखतायत, आणि कधीपासून ते मला आठवेना. उरलेली केंकी मी त्या दिवशी विकली नाही, शेजारणीला देऊन टाकली.

आठव्या दिवशी उजाडायच्या आत मी आणि आणखी एक बाई मूल आणायला निघालो. बोयेची बायको द्रोमो तिच्या आईच्या घरी, बायकांच्या वाड्यात होती. तिने पोर दुपट्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "नऊ महिने वागवलं मी, दोन दिवस कळा सोसल्या मी, आणि गुण मात्र कुठल्यातरी म्हाताऱ्याचे! आत्या, निदान पडू देऊ नका."

नूमोच्या अंगणात सगळे जमले होते. लारियाला नवं पांढरं वस्त्र नेसवलं होतं. कोर्ले त्याच्या बाजूला ताठ उभी होती. तिच्या नवऱ्याला कुणी मानाने बोलावून बरीच वर्षं झाली होती, आणि तिने स्वतःही ठेवणीतले मणी घातले होते. अडोटे पार मागे, दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

मी दुपटं सोडलं आणि मूल जमिनीवर ठेवलं. नूमोने छपरावर पाणी उडवलं, वळचणीचे थेंब मुलावर पडले, मूल दचकून रडायला लागलं. रडावंच लागतं. मग नूमोने दारू ओतत पूर्वजांना एकेका नावाने हाक मारली, आणि प्रत्येक नावाला आम्ही सगळे "हियाओ!" म्हणत गेलो. शेवटचं नाव आमच्या आईचं होतं.

"अडोटे," नूमो म्हणाला. "ते ऐकतायत. बोल."

अडोटे पुढे आला. त्याने उजवा हात वर केला, सगळ्यांना दिसेल असा.

"हा हात धड होता," तो म्हणाला. "तेव्हाही होता. मी दमलो होतो, म्हणून बसलो."

मग एकेक डोळा माझ्याकडे वळला. अडतीस वर्षं छाती बडवून बोलणारी मीच ना! पळून जावंसं वाटलं.

"मी बांधला होता," मी म्हणाले. "चुना मी आणला. त्याने मागितला नव्हता."

बोयेने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे एवढे वर गेले होते की मान दिसेना. त्याला बिचाऱ्याला तेवढा मोडका हातच काय तो बापाकडून मिळाला होता, आणि तोही आम्ही दोघांनी सगळ्यांसमोर काढून घेतला.

"ठीक," नूमो म्हणाला. त्याच्या आवाजात रागापेक्षा कंटाळा होता. "लारिया, ये."

कोर्लेने त्याला कोपराला धरून आणलं. मी खाली वाकले, मुलाखाली हात घातला, म्हणजे त्याने नुसता स्पर्श केला तरी चालेल. लारिया मुलावर वाकला. त्याचे हात थरथरत होते. तो बघत राहिला. मला वाटलं, विसरला.

"म्हणा, दादा," मी हळूच सांगितलं. "माझ्यासारखा हो."

"नको," लारिया म्हणाला.

"असं नाही. म्हणा, माझ्यासारखा..."

"कळलंय मला, लामिले." त्याने माझं नाव बरोबर घेतलं. जीभ जड होती, पण प्रत्येक शब्द सगळ्यांना ऐकू गेला. "माझ्यासारखा नको. याच्या तोंडात घास कोण घालेल? कोर्ले मरेल तोवर."

"लारिया!" नूमो ओरडला. "पूर्वज ऐकतायत!"

"ऐकू दे. माझ्या लढतींना येऊन टाळ्या वाजवायचे तेच ना सगळे?" मग तो वळला. त्याला वळायला वेळ लागतो. "अडोटे, तू घे रे. गारठलंय ते."

कोर्ले तोंडावर हात धरून उभी होती. पूर्वेकडे फटफटलं होतं. सूर्य वर यायच्या आत मूल जमिनीवरून उचललं गेलंच पाहिजे, हे नूमोलाही ठाऊक होतं. तो काठी आपटत राहिला, पण दुसऱ्या कुणाचं नाव त्याच्या तोंडून निघेना, आणि पुढे यायला कुणी तयारही नव्हतं.

अडोटे आला, गुडघ्यावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी मूल उचललं. छातीशी धरलं. मूल रडायचं थांबलं असं मी सांगणार नाही. ते आणखी जोरात रडलं.

"माझ्यासारखा हो," अडोटे म्हणाला. रडण्यात ते बुडालं, म्हणून तो पुन्हा बोलला. "माझ्यासारखा हो. दमलास तर घरी ये."

यावर सगळ्यांनी "हियाओ" म्हणायचं असतं. म्हटलं नाही तर ते बोलणं पूर्वजांपर्यंत पोचत नाही. कुणी म्हणेना. पहिली म्हणाली ती कोर्ले, आणि एवढ्या जोरात म्हणाली की शेजारच्या कोंबड्या उडाल्या. मग लारिया. मग मी. आणखी दोन-तीन बायका. नूमो ओकांतेने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

बोये अजून भिंतीकडे तोंड करून उभा होता. अडोटे मूल घेऊन त्याच्या पाठीमागे जाऊन थांबला. हात लावला नाही, नुसता थांबला. किती वेळ थांबला सांगता येत नाही, माझे पाय भरून आले. मग बोये भिंतीलाच सांगावं तसं, अगदी हळू म्हणाला, "हियाओ."

भिंतीला म्हटलेलं ते 'हियाओ' धरायचं नाही, असं नूमो ओकांते अजून सगळीकडे सांगत फिरतो. मी धरते.